हाक मारण्याआधी टोपली बघायची

माझ्या सासूबद्दल मी बढाया मारते, असं आमच्या आळीत सगळे म्हणतात. मारतेच. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी उठून जावं. सुना सासूची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की लोक चहा थंड होईस्तोवर ऐकतात. मी कौतुक सांगायला लागले की सगळ्यांना अचानक कामं आठवतात.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर. सासरा होता तोवर तो आणि आता नवरा बोटीवर जातो, आणि मासळी सुकवणं, विकणं हे सासूचं काम. मी तिला आई म्हणते आणि अगंतुगंच करते, आमच्या घरात तशीच पद्धत आहे. तिने बाजारात बसून मासळी कधी विकली नाही. डोक्यावर टोपली घेऊन ती कैनाडकडच्या आदिवासी पाड्यांवर फिरायची. सुके बोंबील, सुकट, वाकट्या द्यायच्या आणि बदल्यात तांदूळ, वाल, तूर, मिरच्या घेऊन यायचं. अशी तीस वर्षं ती चालली. मग एका पावसाळ्यात गुडघ्याने दगा दिला. तेवढ्यात पाड्यांवर मोटरसायकलला बर्फाची पेटी बांधून ताजी मासळी विकणारेही जायला लागले. तिने फेरी बंद केली ती एका दिवसात, कुणालाही न सांगता. टोपली माळ्यावर गेली आणि ती अंगणात बोंबील वाळत घालत बसायला लागली.

मी शहरातल्या वाचनालयात कामाला आहे. रोज सायकलने जाते. काळी, जुनी, सेकंडहँड घेतलेली सायकल. तिचा कॅरिअर एवढा दणकट आहे की गॅसचं सिलिंडरसुद्धा मी त्यावरून आणलंय. दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर वाचनालयात एक डॉक्टर आले, दातांचे. ते आमचे जुने वाचक, घरी गुजराती बोलणारे. रविवारी सकाळी सायकली चालवणाऱ्या मंडळींचा त्यांनी एक गट जमवला होता. त्यांना वाटत होतं की एका रविवारी सगळ्यांनी सायकलवरून आसपासच्या शेतांवर जावं, तिथे जे पिकतं ते तिथेच चाखावं आणि परत यावं. कल्पना चांगलीच होती. एक चिकूची वाडी त्यांच्या मित्राची होती, तिथे काही अडचण नव्हती. पण पाड्यांवर ते गाडी घेऊन विचारायला गेले, तर सगळीकडे एकच उत्तर मिळालं. आमच्याकडे काय असणार खायला, असं म्हणून लोक हसायचे आणि आत जायचे.

त्यांनी एक नकाशाही काढला होता. डहाणूहून हायवेला, चारोटी, कासा, तिथून वर तलासरीकडे उधवा आणि परत. मी तो घरी नेला आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत बसली होती. तिने हसून घेतलं, पुरतं हसून घेतलं. कासाच्या बाजाराला मी जीपने जायचे, म्हणाली, ट्रकांच्या मधून सायकली घेऊन कोण जातं? आणि उधव्याला पोचायला यांना दुपार होणार. दुपारी पाड्यावर कोण असतं? म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

मग तिने सुपातले तांदूळ बोटाने बाजूला सारले आणि सुपातच रस्ता काढायला लागली. हा रेल्वेचा रूळ. हा कालवा. इथे वाडी. इथून बांधाबांधाने गेलं की मिरचीवाल्यांचं घर, तिथे आठच्या आत जायचं, नंतर ती माणसं खुडणीला जातात. तिथून पुढे चढ, चढ संपला की मोहाचं झाड, झाडाखाली पाडा. पाड्यावर दहाच्या आत, कारण मग बाया लाकडाला निघतात. कुणाच्या दारी वाल पहिल्यांदा तयार होतात, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड, कुणाचा कुत्रा चावतो, सगळं तिने सांगितलं. मी वाचनालयाच्या पावतीच्या पाठीमागे ते उतरवून घेतलं. चार वर्षं ती त्या वाटेवर गेली नव्हती आणि तिला एक बांधसुद्धा आठवून बघावा लागला नाही.

डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि आपला नकाशा घडी घालून खिशात ठेवला. पाड्यावर मोहाच्या झाडाजवळच्या पहिल्या घरी निरोप धाडायचा, पण तिचं नाव घ्यायचं नाही, असं आईने सांगितलं होतं, म्हणून डॉक्टरांनी किनाऱ्यावरची माणसं दहाच्या आत येतायत एवढाच निरोप धाडला. उत्तर आलं, या.

आईच्या दोन अटी होत्या. एक, जिथे खायचं तिथे हात हलवत जायचं नाही. दुसरी, ती स्वतः पण येणार. तिचा गुडघा मला माहीत होता, म्हणून मी कशाला म्हणून विचारलं. ती सुपाकडे बघत म्हणाली, "मी न सांगता गेले ना. आता ओळख देतात का बघायचंय."

तीस वर्षं जिने उन्हातान्हात ती वाट तुडवली, ती आपल्याला विसरले असतील या भीतीने चार वर्षं गप्प बसली होती आणि मला, जिला सगळं कळतं असं मी समजते, त्याचा पत्ता नव्हता. मला माझाच राग आला.

डॉक्टरांनी तिला गाडीने नेतो म्हटलं. तिने नकार दिला. गाडीतून उतरलेल्या बाईला कोण ओळखणार? गटातल्या सगळ्यांच्या सायकली गिअरच्या, चकाचक, पण एकीलाही कॅरिअर नाही. तेव्हा प्रश्न सुटला. माझ्या कॅरिअरवर गोधडीची घडी घातली आणि सासू डबलसीट बसली.

जानेवारीतला रविवार, धुकं होतं. तीस-पस्तीस जण हेल्मेटं घालून, रंगीबेरंगी कपड्यांत स्टेशनजवळ उभे होते, आणि त्यांच्यात मी साडी खोचून, मागे आई, तिच्या मांडीवर टोपली. टोपलीत बोंबलाच्या दोनच पुड्या, एक मिरचीवाल्यांना आणि एक पाड्यावरच्या घराला. चिकूवाडीचे मालक मासळी खात नव्हते, त्यांच्यासाठी नारळ घेतला होता. वास यायचा तो आलाच. दोघंतिघं जरा लांबून चालवायला लागले. मी मुद्दाम त्यांच्या पुढे राहिले, वारा त्यांच्याकडेच जात होता.

चिकूच्या वाडीत आम्हाला ताटं भरून चिकू मिळाले. मालकांनी ते बुधवारीच उतरवून पिकायला ठेवले होते, कारण चिकू झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर तीन-चार दिवसांनी पिकतो. एवढं सांगून होईस्तोवर एका तरुण इंजिनिअरने झाडावरचा तोडून चावलासुद्धा. चिकाने त्याचे ओठ एकमेकांना चिकटले आणि पुढचा अर्धा तास तो काही बोलला नाही. आईला तो मुलगा त्यानंतर फार आवडला.

मिरचीवाल्यांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. शहरातली माणसं हाशहुश करत खात होती आणि परत मागत होती. आईने पुडी काढली आणि आतल्या बाईच्या हातात दिली. ती बाई विशीतली, गेल्या दोन-तीन वर्षांत लग्न होऊन आलेली. तिने दोन्ही हातांनी पुडी घेतली, पाणी दिलं, आणि आदराने विचारलं, "मावशी, तुम्ही कुठच्या?"

आईने गावाचं नाव सांगितलं. पुढे काही नाही. या घरातली जुनी बाई दोन वर्षांपूर्वी गेली, हे तिला तेव्हाच कळलं. ती परत कॅरिअरवर बसली. वाटेतला खड्डासुद्धा तिने मला दाखवला नाही, मी सायकल सरळ त्यात घातली.

चढावर मी पॅडलवर उभी राहिले. इंजिनिअर मागून ढकलायला आला, त्याला मी लांब व्हायला सांगितलं. माझी सासू आहे, मी चढवीन. चढ संपल्यावर मोहाचं झाड दिसलं आणि मागून आवाज आला, थांबव.

इथे तिचा एक नियम सांगायला हवा. पाड्यावर शिरायच्या आधी ती या झाडाखाली उभी राहून हाक मारायची. ती ऐकून बाया सुपात तांदूळ, शेंगा घेऊन बाहेर यायच्या. आणि हाक मारली म्हणजे प्रत्येकीला काहीतरी मिळालंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. एकदा ओढ्यात पाय घसरून तिची अर्धी टोपली पाण्यात गेली होती. उरलेली सगळ्यांना पुरणार नाही म्हणून ती या झाडापर्यंत आली, थोडी बसली, आणि हाक न मारता तशीच परत गेली. ही गोष्ट मी या घरात आल्यापासून दहादा ऐकली होती. हाक मारण्याआधी टोपली बघायची, हे तिचं शास्त्र.

तर ती उतरली, गुडघा चोळला, टोपली डोक्यावर घेतली. टोपलीत एक पुडी. झाडाला हात लावून उभी राहिली. आणि काय झालं तिलाच ठाऊक, पाय तिथे टेकले आणि तोंडातून हाक गेली.

"बोंबी...ल आला गो, सुक...ट आली!"

मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. घरी ती हळू बोलते. हा आवाज पाड्याच्या पार पलीकडे गेला, कोंबड्या उडाल्या, हेल्मेटवाले सगळे वळून बघायला लागले. आणि हाक संपता संपता तिच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा असा चेहरा मी सासरा गेला तेव्हाही पाहिला नव्हता.

कारण घराघरातून बाया बाहेर येत होत्या. एक, दोन, पाच, मग मोजता येईनात. प्रत्येकीच्या हातात सूप. कुणाच्या सुपात नवा तांदूळ, कुणाच्या वालपापडी, कुणाच्या तुरीच्या शेंगा, एकीच्या रताळी. आमच्या मंडळींना वाटलं, हेच ते चाखायला ठेवलेलं, आणि फोन काढून ते फोटो घ्यायला लागले. मी त्यांच्यावर खेकसले. जरा जोरातच खेकसले, डॉक्टरसुद्धा दचकले. आई टोपली खाली ठेवून मटकन झाडाखाली बसली होती आणि टोपलीवर तिने पदर धरला होता.

पहिल्या घरची म्हातारी सगळ्यांच्या पुढे आली. आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, काटकुळी, हातावर गोंदण. तिने सूप जमिनीवर ठेवलं आणि समोर बसली. तिने आईचा चेहरा निरखून पाहिला.

"चार सालं झाली, बाय," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं तू मेलीस."

आईने पदर काढला. टोपली पुढे सरकवली. गुडघा गेला, सांगितलं नाही, चुकलं. आणि आता हाक मारली तीही चुकून मारली. एकच पुडी आहे, तुझ्या एका घरची. एवढ्या जणींना काय देऊ?

म्हातारीने टोपलीत डोकावून पाहिलं आणि मागे वळून बायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बोंबील आम्हाला आता मोटरसायकलवाला आणून देतो. तुझा आवाज आला म्हणून निघालो. तुझ्याकडे रिकामं सूप घेऊन आम्ही कधी आलो का?"

मी त्या झाडाखाली रडले. सांगायला मला लाज नाही. तीस वर्षं आईला वाटत होतं की सुपं मासळीसाठी बाहेर येतात. आणि त्या बायांचाही आपला नियम होता, तिच्या नियमाइतकाच जुना, आणि तो कुणी कुणाला कधी सांगितला नव्हता.

पण आई ती आईच. ओळख पटली, एवढ्यावर ती भागवणार नव्हती. हाक मारली होती ना. तिने डोळे पुसले, पुडी उघडली आणि म्हातारीला म्हणाली, विस्तव कर. अंगणात तिथे तसाही विस्तव होताच. आमच्यासाठी मडकं लावलेलं होतं. वालाच्या शेंगा, रताळी, कांदे, वर हिरवा पाला कोंबून मडकं उपडं घातलं होतं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. झालं की नाही बघायला एक बाई मडक्यावर पाण्याचे थेंब उडवत होती. त्याच जाळाच्या कडेला आईने बोंबील भाजले. भाजून मोडले, आणि प्रत्येक बाईच्या हातावर स्वतः उठून, लंगडत, एकेक तुकडा ठेवला. बोटाच्या पेराएवढा. कुणी छोटा आहे म्हटलं नाही. म्हातारीने आपला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि मीठ कमी झालंय तुझं, म्हणाली. आई म्हणाली, वय झालं. तुझंही झालंय, मीठ जास्त लागायला लागलंय. दोघी हसल्या.

मग मडकं फोडलं. त्या वासावर आमची सगळी मंडळी जमिनीवरच बसली. शेंगा सोलून खायच्या, बोटं भाजून घ्यायची. डॉक्टर मासळी खात नव्हते, पण बोंबलाच्या तुकड्यांचं सूप हातात धरून आईच्या मागे मागे फिरले होते ते तेच. बायाही आपापल्या सुपातलं घालत होत्या, तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकळायला टाकल्या, रताळी निखाऱ्यात गेली. शेतावर जाऊन चाखायचं म्हणून आम्ही निघालो होतो, आणि पाड्यानेही समुद्राकडचं चाखलं. निघताना आई झाडाखाली उभी राहून म्हणाली, पुढच्या रविवारी येते, भरून आणते.

पुढच्या रविवारी धुकं नव्हतं आणि हेल्मेटंही नव्हती. फक्त मी, ती, आणि काठोकाठ भरलेली टोपली. नवरा म्हणाला, रिक्षा करा. आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो, आणि एवढ्या एका गोष्टीवर आम्हा दोघींचं लग्नानंतर पहिल्यांदा एकमत झालं असं त्याचं म्हणणं आहे.

त्यानंतर डॉक्टरांच्या गटाची ती फेरी दर जानेवारीला होत राहिली. मिरचीवाल्यांची सून आता आईला मावशी म्हणून ओळखते आणि तिच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवते, कमी तिखट. पाड्यावर या सायकलवाल्यांना कुणी गटाच्या नावाने ओळखत नाही, बोंबीलवालीची माणसं म्हणतात. इंजिनिअर पहिल्यांदा हे ऐकून बिचकला होता, मग त्याने सायकलला कॅरिअर बसवून घेतला. दर वर्षी एक टोपली त्याच्याकडे असते. लांबून चालवणारं आता कुणी नाही.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत आईला कॅरिअरवर चढता आलं नाही. मी खूप खटपट केली, पाट लावला, नवऱ्याने उचललं, पण पाय दुमडेना. ती रागावली, आधी पायावर, मग आमच्यावर. मग म्हणाली, तू जा, हाक तू मार. मी म्हटलं, मला येत नाही. तर म्हणाली, त्यात येण्यासारखं काय आहे, ओरडायचं.

मी गेले. मोहाच्या झाडाखाली सगळ्यांना थांबवलं. सायकल स्टँडवर लावली, कॅरिअरवरची टोपली सोडवली, खाली ठेवली आणि आत हात घातला. अगदी तळापर्यंत घातला. बोंबील, सुकट, वाकट्या, खाली पुन्हा बोंबील. मग झाडाला हात लावला आणि हाक मारली. आवाज चिरका निघाला, कोंबड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

तरी सुपं बाहेर आली. म्हातारी सगळ्यांत शेवटी आली, आता तीही काठी टेकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे रिकाम्या कॅरिअरवरच्या गोधडीकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं, आहे, बरी आहे, पाय दुमडत नाही. तिने मान हलवली. मग काठीने टोपलीकडे दाखवून विचारलं, "हाक मारायच्या आधी बघितलीस?"

"बघितली," मी म्हटलं. "हात घालून."

"मग तू तिचीच," म्हातारी म्हणाली आणि सूप पुढे केलं.

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. तिने विचारलं, कुणी रिकामी परत गेली का? मी नाही म्हटलं. पाड्यावरून भरून आणलेली टोपली तिने एका हाताने जरा उचलून पाहिली, वजनाने तिचं समाधान झालं, आणि मला चहा टाकायला सांगितला. म्हातारी काय म्हणाली ते मी तिला चहाबरोबर सांगितलं, आणि आळीतल्या प्रत्येकीला तेव्हापासून सांगते आहे.